खळ, वनस्पतिजन्य (मिश्र धाग्यांसाठी)

मागावर ताण्याचा प्रत्येक धागा वही-फणीतून जाताना हजारो वेळा घासला जातो. ती झीज सोसावी म्हणून विणण्यापूर्वी त्याच्यावर चढवलेला लेप म्हणजे खळ. बाण्याला तिची गरज नसते.

महाराष्ट्रात घोंगडी विणणारे लोकरीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देत आले आहेत. गिरण्या आणि सायझिंगवाले (खळ चढवून देणारे) यांची भिस्त मात्र मका, टॅपिओका, बटाटा यांच्या स्टार्चवर राहिली. सुती धाग्याशी स्टार्चचे चांगले जमते. कापसातले सेल्युलोज आणि स्टार्च, दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या. त्यांचे हायड्रॉक्सिल गट एकमेकांना धरून ठेवतात.

घोडे अडले ते टेरिकॉटपाशी, म्हणजे पॉलिएस्टर आणि कापूस यांच्या मिश्र धाग्यापाशी. कापूस हवेतली साधारण ८ टक्के आर्द्रता धरून ठेवतो, पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. अशा गुळगुळीत, पाण्याला विटलेल्या तंतूवर साध्या स्टार्चची पकड बसत नाही. लेप सुकून ठिसूळ होतो, तडकतो, त्याची पांढरी भुकटी मागाखाली साचते आणि धाग्याची लव पुन्हा उभी राहते. शेजारच्या धाग्यांची लव एकमेकींत गुंतली की ताणा तुटलाच.

यावर उपाय म्हणून पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, म्हणजे पीव्हीए, आले. त्याचा पापुद्रा चिवट असतो आणि पॉलिएस्टरला तो धरूनही राहतो. पण ते पेट्रोरसायनांपासून बनते आणि धुऊन निघाल्यावर सांडपाण्यात सहजी कुजत नाही. म्हणून स्टार्चलाच सुधारण्याचे प्रयत्न सुरू झाले.

पहिली डोकेदुखी घट्टपणाची. शिजवलेला स्टार्च गार होताना त्यातल्या अमायलोजच्या सरळ साखळ्या पुन्हा जुळतात आणि खळ थिजते. शिजवण्याआधीच आम्लाने किंवा सोडियम हायपोक्लोराइटने साखळ्या तोडल्या, तर ती पातळ राहते व धाग्याच्या आत शिरते. मात्र साखळी फार तोडली की लेपात जीव उरत नाही. अ‍ॅसिटेट गट जोडण्याची युक्ती जास्त कामाची ठरली. हे गट साखळ्यांना पुन्हा जुळू देत नाहीत. शिवाय पॉलिएस्टर हेही एस्टरच असल्याने दोघांचे सूत जुळते. याहून पुढची पायरी कलम करण्याची : स्टार्चच्या साखळीवर अ‍ॅक्रिलेटच्या फांद्या वाढवतात. बुड ग्लुकोजचे असल्याने कापूस धरला जातो, फांद्या पॉलिएस्टरला बिलगतात आणि लेपाला लवचीकपणाही येतो.

मेख पुढे आहे. खळ विणण्यापुरतीच हवी असते. रंगाईपूर्वी तिचा कणही उरता कामा नये. साधा स्टार्च अमायलेज विकराने विरघळतो, पण कलमे दाट झाली की विकराला साखळीपर्यंत पोचायला वाट मिळत नाही आणि कृत्रिम फांद्या पाण्यात तशाच राहतात. त्यामुळे सर्वांत चिकट खळ सर्वांत चांगली असतेच असे नाही. बदल किती करायचा, यातच खरे कसब आहे.

खळ निघाली का, हे आयोडिनचा थेंब सांगतो. कापड गर्द जांभळे-निळे झाले, तर स्टार्च उरला आहे. रंगाची ही छटा टेगेवा मापनपट्टीवर १ ते ९ अशी मोजतात; ९ म्हणजे स्टार्च पुरता गेला. पीव्हीए उरले आहे का हे पाहायचे, तर आयोडिनच्या जोडीला बोरिक आम्ल लागते.

व्यवहारात पीव्हीएला पूर्ण रजा देण्यापेक्षा त्याचे प्रमाण घटवून सुधारित स्टार्च वाढवण्याकडे कल असतो. जाड धाग्यांत हे सोपे जाते. बारीक टेरिकॉट वेगवान एअरजेट मागावर चढवायचे असेल, तर सायझर आजही हात आखडता घेतो.