कोंडा, पेंड आणि कार्प
उरला औद्योगिक क्षेत्रालगतचे बीरगांव ज्या भातपिकाच्या रायपूर पट्ट्यात येते, तेथे मत्स्यखाद्याचा इतिहास हा बहुतांशी कोंड्याचा इतिहास आहे. 1957 साली कटक येथे हिरालाल चौधरी व अलीकुन्ही यांनी कार्प माशांचे प्रेरित प्रजनन साधले आणि नदीतील मत्स्यबीजावरची भिस्त कमी होत गेली, तसे कोंडा व पेंड हे भारतीय तळ्यांचे नेहमीचे खाद्य ठरले. या कार्पांपैकी रोहूला जठर नसल्याने स्निग्धांशाचे पचन लांब आतड्यातच होते. तेथे पित्तक्षार तेलाचे सूक्ष्म थेंब करतात आणि लायपेज, म्हणजे मेद तोडणारे विकर, मेदाम्ले मोकळी करते. ताज्या कोंड्यात सुमारे 15 ते 20 टक्के तेल असते, पण ते लवकर खवट होते. पुढे द्रावकाने तेल काढणारे कारखाने आले आणि माशांच्या वाट्याला बव्हंशी तेल काढलेला कोंडा उरला. तरीही वनस्पतिजन्य मेदाम्लांपासून रोहू अधिक लांब साखळीची मेदाम्ले काही प्रमाणात स्वतःच घडवतो.