परतीचं तिकीट : बदनापूर ते अंदमान

आजचा एपिसोड खरं तर ठरवून केलेला नाही. मागच्या महिन्यात आमच्या घरी सुट्टीचं प्लॅनिंग चालू होतं आणि त्यातून हा विषय निघाला. बऱ्याच जणांनी 'लिहून टाक' म्हटलं, म्हणून इथं लिहूनही टाकतेय.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी, मी बदनापूरची. जालना आणि छत्रपती संभाजीनगरच्या मधलं, मनमाड-सिकंदराबाद रेल्वेवरचं गाव. आमच्याकडं समुद्र म्हणजे टीव्हीवर बघायची गोष्ट. जवळचा समुद्र म्हटला तरी मुंबईचा, म्हणजे आगगाडीत एक रात्र. तर यंदा कापसाचे पैसे बऱ्यापैकी आले, बाबा खुशीत होते, आणि मी हळूच विषय काढला : फेब्रुवारीत अंदमानला जाऊ. गर्दी नाही, गोंधळ नाही. निळं पाणी, पांढरी वाळू, चार दिवस नुसतं पडून राहायचं.

आई लगेच तयार झाली. बाबा मोबाईलवर विमानाचे दर बघायला लागले. आजी शेंगा सोलत बसली होती. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "अंदमान? म्हणजे काळं पाणी ना गं?"

मी म्हटलं, "अगं आजी, आता तसं काही राहिलं नाही. लोक हनिमूनला जातात तिकडं."

"जाऊ दे लोकाला. तू आधी परत यायचं तिकीट काढ. मग जायचं बघ."

आम्ही सगळे हसलो. पण रात्री अंथरुणावर पडून मी अंदमानबद्दल वाचायला लागले तेव्हा ते वाक्य काही डोक्यातून जाईना. कारण अंदमानचा जवळपास शंभर वर्षांचा इतिहास फिरतो तो याच एका प्रश्नाभोवती : परत यायचं तिकीट कुणाकडं होतं आणि कुणाकडं नव्हतं.

आधी आपल्या भागापासून सुरू करू. १८५७ म्हटलं की मेरठ, दिल्ली, कानपूर, झाशी. मराठवाडा डोळ्यांसमोर येत नाही. बदनापूर तेव्हा निजामाच्या राज्यात होतं आणि निजाम सरकार इंग्रजांच्या बाजूनं उभं राहिलं. म्हणून आपल्याला वाटतं, इकडं सगळं थंड होतं. तसं नव्हतं. जून १८५७ मध्ये औरंगाबादच्या छावणीत हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळानं बंड केलं. आमच्या घरापासून ही जागा चाळीसेक किलोमीटरवर. पुण्याकडून जनरल वुडबर्नची फौज आली, बंड मोडलं आणि सैनिकांवर खटले चालले. काहींना फाशी झाली, काहींना तोफेच्या तोंडी दिलं. आज क्रांती चौकातून जाताना सिग्नलला थांबतो ना आपण? तिथला काळा चबुतरा ही त्याचीच आठवण.

पुढच्याच महिन्यात, १७ जुलै १८५७ ला, हैदराबादेत तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या पुढारपणाखाली लोकांनी इंग्रजांच्या रेसिडेन्सीवर हल्ला केला. कोठी भागातली ती भव्य इमारत आजही आहे, पुढं तिथं मुलींचं कॉलेज सुरू झालं. हल्ला फसला. तुर्रेबाज खान पकडला गेला, निसटला आणि शेवटी मारला गेला. मौलवी अलाउद्दीन यांना जन्मठेप झाली आणि १८५९ मध्ये त्यांची रवानगी अंदमानला झाली. ते परत आले नाहीत. तिथंच वारले.

इथं मी मोबाईल बाजूला ठेवला. कारण आमचा प्लॅन होता जालन्याहून देवगिरी एक्स्प्रेसनं सिकंदराबाद, हैदराबादहून विमानानं पोर्ट ब्लेअर. म्हणजे हैदराबादहून अंदमान. ज्या शहरातून एका माणसाला परत न येण्यासाठी पाठवलं, तिथूनच मी चार दिवस आराम करायला निघाले होते.

आता अंदमानात काय चाललं होतं ते बघू. इंग्रजांनी तिथं आधीही एकदा वसाहत करून पाहिली होती, १७८९ मध्ये. आर्चिबाल्ड ब्लेअर नावाच्या नौदल अधिकाऱ्यानं. रोगराईमुळं ती १७९६ मध्ये गुंडाळावी लागली. मग १८५७ झालं. हजारो कैदी हातात आले आणि त्यांना ठेवायला लांबची जागा हवी होती. १० मार्च १८५८ ला डॉक्टर जे. पी. वॉकर २०० कैद्यांना घेऊन तिथं उतरला. जंगल तोडायचं, दलदल बुजवायची, आणि हे सगळं पायात बेड्या घालून. काहींना वाटत होतं, जंगलातून चालत गेलं की ब्रह्मदेश लागेल. ते पळाले. मधे नुसता समुद्र. पकडून आणलेल्यांपैकी ऐंशीहून जास्त जणांना वॉकरनं एकाच दिवशी फासावर चढवलं.

भिंत बांधायची गरजच नव्हती, बघा. चारही बाजूंनी समुद्र होता, तोच तुरुंग.

आणि ज्यांच्या जमिनीवर हे चाललं होतं त्यांचं काय? ग्रेट अंदमानी लोक हजारो वर्षांपासून तिथं राहत होते. त्यांनी धनुष्यबाण घेऊन प्रतिकारही केला. मे १८५९ मधली ॲबर्डीनची लढाई त्यातलीच. पण बाहेरून आलेल्या रोगांनी त्यांचा घास घेतला. तेव्हा काही हजार असलेली ही माणसं आज पन्नास-साठच्या आसपास उरली आहेत. 'शांत बेट' असं जाहिरातीत वाचलं की मला आता हा आकडा आठवतो.

आता 'तिकीट' या शब्दावर येऊ. अंदमानात खरोखरच तिकीट मिळायचं! चांगल्या वागणुकीची काही वर्षं काढली की कैद्याला 'तिकीट ऑफ लीव्ह' द्यायचे. अशा कैद्याला 'सेल्फ सपोर्टर' म्हणत. तो बराक सोडून गावात राहू शके, शेती करू शके, जनावरं पाळू शके. परवानगी घेऊन स्त्री-कैद्यांपैकी कुणाशी लग्नही करू शके. फक्त बेट सोडून जाता येत नसे. या संसारांतून जी पिढी जन्मली तिला तिथं 'लोकल बॉर्न' म्हणतात. आईवडील वेगवेगळ्या प्रांतांचे, जातींचे, कधी वेगवेगळ्या धर्मांचे. घरात बोलायची भाषा हिंदुस्तानी. त्यांचे वंशज आजही तिथं आहेत. उद्या आपल्याला रिक्षात बसवणारा किंवा चहा देणारा माणूस त्यांच्यापैकीच असू शकतो.

पुढं १८९६ ते १९०६ या काळात सेल्युलर जेल बांधला. मधे मनोरा आणि त्याच्यापासून निघालेल्या सात लांब इमारती. जवळपास सातशे खोल्या, एका खोलीत एकच माणूस. एका इमारतीचं तोंड दुसरीच्या पाठीकडं, म्हणजे समोर कुणाचा चेहराच दिसणार नाही. विचार करा, आपण ट्रॅव्हलवाल्याला सांगतो, 'निवांत जागा बघा, आजूबाजूला कुणी नको.' त्या तुरुंगात तीच गोष्ट शिक्षा म्हणून दिली जात होती.

महाराष्ट्रातून तिथं गेलेलं सगळ्यांच्या ओळखीचं नाव सावरकरांचं. थोरले बाबाराव, म्हणजे गणेश दामोदर सावरकर. त्यांना १९०९ मध्ये जन्मठेप झाली, कारण होतं छापलेल्या कविता. मग विनायक दामोदर. मद्रासहून 'महाराजा' नावाच्या जहाजातून ४ जुलै १९११ ला ते तिथं पोचले. दोन जन्मठेपा, एकूण ५० वर्षं. गळ्यातल्या बिल्ल्यावर सुटकेचं साल लिहिलेलं : १९६०. त्यांचं परतीचं तिकीट ते. काथ्या कुटायचा, कोलू ओढायचा, दिवसाला ३० पौंड खोबरेल काढायचं. दोघे भाऊ एकाच जेलमध्ये, पण सहज भेट नाही. घरी पत्र वर्षातून एक. १९२१ मध्ये दोघांना भारतातल्या तुरुंगांत हलवलं. सावरकरांनी सुटकेसाठी केलेल्या अर्जांवर आजही कडाक्याचा वाद होतो. तो घाईत उरकायचा विषय नाही, त्यावर वेगळा एपिसोड करू.

एक लक्षात ठेवा, तिथं फक्त नावाजलेलेच नव्हते. १९३३ च्या उपोषणात महावीर सिंह, मोहन किशोर नामदास आणि मोहित मैत्र यांचा जीव गेला. जबरदस्तीनं अन्न भरवण्याचा तो परिणाम. १९३७ मध्ये पुन्हा मोठं उपोषण झालं आणि मग राजकीय कैद्यांना परत पाठवायला सुरुवात झाली. लोक उपाशी राहिले तेव्हा कुठं परतीचा रस्ता उघडला.

आता हे सगळं वाचून झाल्यावर मी पुन्हा हॉटेलांची यादी उघडली, तर आणखी एक गंमत दिसली. गंमत कसली, चटका बसला. आपण ज्याला हॅवलॉक म्हणतो ते बेट जनरल हेन्री हॅवलॉकच्या नावानं. नील बेट जेम्स नीलच्या नावानं. आसपास आऊट्रम, हेन्री लॉरेन्स, निकल्सन. ही सगळी १८५७ च्या लढाईत इंग्रजांच्या बाजूनं लढलेल्यांची नावं. म्हणजे ज्यांना हरवलं त्यांना आणून टाकलं अंदमानात, आणि बेटांवर नावं लावली हरवणाऱ्यांची. ३० डिसेंबर २०१८ ला हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप झालं. २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचंही श्री विजयपुरम झालं. बुकिंग करताना दोन्ही नावं दिसतील, गोंधळू नका.

आणि ज्या राधानगर बीचचे फोटो आपण लाईक करतो, तिथं गाव वसवलं कुणी? १९५० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांनी. राधानगर, गोविंदनगर, श्यामनगर ही नावं त्यांच्याबरोबर आली. त्यांच्याकडंही परतीचं तिकीट नव्हतंच. फरक एवढाच की त्यांनी तिथं भात लावला, नारळ-सुपारी लावली आणि त्या बेटाचं घर केलं.

मग आम्ही जायचं रद्द केलं का? मुळीच नाही! मला वाटतं जायला हवं. ज्या जागी माणसाला हसायला बंदी होती, तिथं आता आपली आजी वाळूत पाय पसरून बसणार असेल तर ते चांगलंच आहे. पण प्लॅन थोडा बदलला.

पहिला दिवस पूर्ण श्री विजयपुरमला. दुपारी सेल्युलर जेल, संध्याकाळी तिथलाच लाईट अँड साऊंड शो. सातपैकी आता तीनच इमारती उरल्यात. ११ फेब्रुवारी १९७९ ला ते राष्ट्रीय स्मारक झालं. दुसऱ्या दिवशी बोटीनं स्वराज द्वीप. अंतर साधारण बदनापूर ते संभाजीनगर एवढंच, पण समुद्रातून. तिथं तीन रात्री, काही न करता. एक टीप : अंदमान आपल्यापासून बरंच पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र तेच. त्यामुळं हिवाळ्यात पाच-साडेपाचलाच सूर्य मावळतो. राधानगरला सूर्यास्त बघायचा तर चारलाच पोचा. शिंपले, प्रवाळ पिशवीत भरून आणू नका, बंदी आहे. आणि जारवा लोकांच्या राखीव जंगलातून जाणारी बाराटांगची सहल आम्ही यादीतून काढली. माणसं बघायला गाडी करून जायचं, हे आईला पटलं नाही. मलाही नाही.

हे सगळं मी आजीला सांगितलं. मौलवींचं, बिल्ल्यावरच्या १९६० चं, वर्षातून एका पत्राचं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "तिथून फोन लागतो का?"

मी म्हटलं, "लागतो की. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राच्या तळातून केबल टाकलीय. व्हिडिओ कॉलपण होतो."

"मग तुझ्या आत्याला लावून दे तिथून. तिलापण दाखवू काळं पाणी."

तिकिटं काढली मंडळी. पाच माणसं, जायची आणि यायची. यायची आधी काढली.

तुमच्या घरात, गावात 'काळं पाणी' म्हटल्यावर कुणाची गोष्ट सांगतात का? जुनं माणूस घरात असेल तर आजच विचारा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. भेटू पुढच्या एपिसोडला. तोवर काळजी घ्या!