माँटेसरी घरात आली, ती मुले दाराबाहेर राहिली

गणपतीच्या दिवसांत आमच्या घरी प्रत्येकाचे काम ठरलेले असते. निरांजनात वाती घालणे, ताम्हन पुसणे आणि आरती संपली की प्रसादाच्या वाट्या मोजून ठेवणे, हे आमच्या पुतण्याचे काम. तो एकवीस वर्षांचा आहे आणि बौद्धिक दिव्यांग आहे. वाट्या मोजताना तो चुकत नाही. कोणी घाई केली तर मात्र पुन्हा एकपासून सुरुवात करतो. मुक्त शाळेतून बारावी झाल्यावर तो म्हणाला, "काका, मलाही दादासारखं कॉलेजात जायचंय." त्यावर आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते. ते शोधता शोधता आम्ही आपल्या इंदूरच्याच इतिहासात जाऊन पोहोचलो.

सरवटे बसस्टँड ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते तात्या सरवटे म्हणजे स्वातंत्र्यसैनिक आणि संविधान सभेचे सदस्य. त्यांच्या कन्या शालिनीताई मोघे यांनी 1947 मध्ये इंदुरात बाल निकेतन संघाची स्थापना केली. 1968 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पागनीस पागेतल्या त्या शाळेने इंदूरच्या कितीतरी मराठी घरांना माँटेसरी हा शब्द शिकवला. मूल हाताने शिकते, आपल्या गतीने शिकते, त्याला मारून शिकवायचे नसते, हे आपल्या आज्यांना पटले ते अशाच शाळांमुळे.

पण ही पद्धत मुळात कोणासाठी जन्मली, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. फ्रान्समध्ये इतार या डॉक्टरांनी 1800 च्या सुमारास जंगलात सापडलेल्या एका मुक्या मुलाला शिकवण्याचा प्रयत्न केला. त्यांचे शिष्य सेगँ यांनी त्यातून मंदबुद्धी म्हटल्या जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षणाची पद्धत उभी केली. डॉ. मारिया माँटेसरी यांनी ती अभ्यासली आणि 1900 च्या सुमारास रोममध्ये अशाच मुलांना शिकवले. त्यांच्यापैकी काही मुले सर्वसाधारण मुलांच्या सार्वजनिक परीक्षेत उत्तीर्ण झाली. लोकांनी कौतुक केले, पण बाईंना वेगळाच प्रश्न पडला. ही मुले इथवर येत असतील, तर धडधाकट मुलांना आपल्या शाळा एवढे मागे का ठेवतात? त्यानंतर 1907 मध्ये त्यांचे पहिले 'बालगृह' सुरू झाले. 1939 मध्ये त्या भारतात आल्या आणि महायुद्धाची वर्षे इथेच राहिल्या.

म्हणजे रंगीत मणी, लाकडी ठोकळे, खरखरीत कागदाची अक्षरे हे सारे साहित्य ज्या विचारातून आले, तो विचार आमच्या पुतण्यासारख्या मुलांमुळे सुचला. आपण साहित्य घरात आणले आणि ती मुले दाराबाहेर राहिली. यात दोष कोणा एका शाळेचा नाही. पाहुणे आले की अशा मुलाला आतल्या खोलीत बसवणारी घरे आपलीच होती.

कायद्याची नजरही तशीच होती. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या 1912 च्या कायद्याने वेड लागलेला माणूस आणि जन्मतः बुद्धी कमी असलेला माणूस एकाच व्याख्येत बसवले. पहिल्याला उपचार हवेत आणि दुसऱ्याला शिक्षण, हा फरक 1987 च्या मानसिक आरोग्य कायद्याने स्पष्ट केला. पालक मात्र कायद्यासाठी थांबले नाहीत. मुंबईत 1944 मध्ये वकील दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने शाळा काढली, तीच आजची जय वकील शाळा. पुण्यात 1964 मध्ये सिंधूताई जोशी यांनी 'कामायनी' सुरू केली. त्याच वर्षी आपले इंदूर विद्यापीठ, म्हणजे आजचे देवी अहिल्या विश्वविद्यालय, स्थापन झाले. एका बाजूला विशेष शाळा, दुसऱ्या बाजूला विद्यापीठ. दोघांच्या मध्ये पूल असावा असे त्या काळी कोणाच्या स्वप्नातही नसेल.

त्या पुलाची पहिली फळी टाकली मुक्त शाळांनी. राष्ट्रीय मुक्त विद्यालय 1989 मध्ये आले आणि मध्य प्रदेशचे राज्य मुक्त विद्यालय 1995 मध्ये. राष्ट्रीय संस्थेत विषय निवडता येतात, सगळे पेपर एकदम द्यावे लागत नाहीत आणि पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेला बसता येते. आमच्या पुतण्याने एकेक, दोन-दोन विषय सोडवत बारावी पूर्ण केली. वाट्या मोजाव्यात तशी.

दुसरी फळी कायद्याची. 1995 च्या कायद्याने शिक्षणात तीन टक्के जागा दिल्या. पण सरकारी नोकरीतल्या तीन टक्क्यांत दृष्टी, श्रवण आणि हालचालींचे अपंगत्व होते. बौद्धिक अपंगत्वाला जागाच नव्हती. 2016 च्या कायद्याने ती दिली. त्याच कायद्याच्या कलम 32 प्रमाणे सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान चाळीस टक्के दिव्यांगत्व असलेल्यांसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत आणि वयातही पाच वर्षांची सूट आहे. मोफत शिक्षणाचा हक्क मात्र अठराव्या वर्षी संपतो. ज्याला शिकायला जास्त वर्षे लागतात, त्याचीच वर्षे आधी संपतात.

परदेशांत या वयाचा विचार वेगळा झाला. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठाने 1987 पासून अशा तरुणांना नेहमीच्या वर्गात बसवायला सुरुवात केली. सगळ्यांनी पदवी घ्यावीच असा आग्रह नाही. वर्गात बसावे, मित्र मिळावेत, काम शिकावे हाच हेतू. अमेरिकेने 2008 च्या कायद्याने अशा विद्यार्थ्यांना सरकारी आर्थिक मदतीचे दार उघडले. स्पेनच्या पाब्लो पिनेदा यांनी डाउन सिंड्रोम असताना विद्यापीठाची पदवी मिळवली.

आता आमचा अनुभव. आम्ही पुतण्याला घेऊन एका कॉलेजच्या खिडकीवर गेलो. आतल्या गृहस्थांनी गुणपत्रिका पाहिली, मग मुलाकडे पाहिले आणि आम्हाला विचारले, "याला इथे कशाला आणलं?" प्रश्न त्याच्याबद्दल होता, पण विचारला आम्हाला. राग आला. घरी येताना मात्र आम्ही गप्प होतो, कारण आम्ही स्वतः डिप्लोमा करून सरकारी नोकरीत लागलो आणि अशाच एका खिडकीच्या आतल्या बाजूला बरीच वर्षे बसलो. समोरच्या माणसाऐवजी त्याच्या सोबत्याशी बोलण्याची चूक आम्हीही केली आहे.

त्या दिवसापासून तयारी सुरू केली, त्याची आणि आमचीही. सिटी बसचा नंबर वाचणे, सुटे पैसे परत घेणे, भिंतीवरचे वेळापत्रक पाहणे, समजले नाही तर "पुन्हा सांगाल का?" असे विचारणे. आम्ही शिकलो ते गप्प राहणे, म्हणजे त्याला उत्तर देता येईल. यूडीआयडी कार्ड काढले. परीक्षेत तासाला किमान वीस मिनिटे जास्त मिळतात आणि नियमाप्रमाणे लेखनिकही मिळू शकतो, हे कागदावर आणून फाइल केली. दुसऱ्या एका कॉलेजात प्राध्यापकबाईंनी थेट त्यालाच विचारले, "तुला काय शिकायला आवडेल?" तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, "इतिहास." प्रवेश झाला आहे. पुढे किती जमेल, सांगता येत नाही. पण रोज सकाळी तो आपला डबा स्वतः भरतो.

आपल्या मंडळात निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतली माणसे आहेत, कॉलेजात जाणारी मुले आहेत. आठवड्यातून एक तास कोणी अशा तरुणाबरोबर बसने गेले, एक धडा वाचला, एक अर्ज भरला, तरी पुलाची पुढची फळी बसेल. बुद्धीची देवता आपण दरवर्षी घरी आणतो. आरतीला आलेल्या अशा मुलाला या वर्षी त्याच्या आईबाबांना नव्हे, त्यालाच विचारू या, "काय रे, पुढे काय करायचं ठरवलंस?" आणि उत्तर येईपर्यंत थांबू या.