शारदेला कोणी विचारले?

मंडळाच्या हळदीकुंकवाला आपण ‘संगीत शारदा’मधले दोन प्रवेश केले होते, ते बहुतेक भगिनींना आठवत असतील. म्हाताऱ्या नवरदेवाची मिशी ऐन प्रवेशात निसटली आणि सभागृहात हशा उसळला. त्या हशात मला माझ्या आजीची आठवण झाली. आजीला हे नाटक जवळजवळ पाठ होते. पण भुजंगनाथ रंगभूमीवर आला की ती हसत नसे. तिची धाकटी बहीण बिजवराला दिलेली होती. म्हणून या नाटकाविषयी चार शब्द लिहावेसे वाटले.

नाटककार गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) सांगलीजवळच्या हरिपूरचे. त्यांच्या सात नाटकांत स्वतंत्र असे हे एकच. किर्लोस्कर नाटक मंडळीने ते १८९९ साली रंगभूमीवर आणले. त्याआधी आठच वर्षे, १८९१ मध्ये, संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणारा कायदा झाला होता आणि त्यावरून महाराष्ट्रात मोठे रण माजले होते. व्याख्यानांनी लोक चिडत होते. देवलांनी त्यांना हसवले.

कथा साधी आहे. कांचनभट पैशाचा लोभी. भुजंगनाथ धनवान, पण पंच्याहत्तरीला टेकलेला. भद्रेश्वर दीक्षित हा मध्यस्थ सोयरीक जमवतो आणि बाप मुलीचे मोल घेतो. आई इंदिराकाकू तळमळते. पण घरात तिचे चालत नाही. मैत्रिणी शारदेची थट्टा करतात, वराच्या वयाचे गोडवे गातात. प्रेक्षक हसतात आणि हसता हसता त्यांना आपल्याच आळीतले एखादे घर आठवते. एका बाजूला पैसा, दुसऱ्या बाजूला मुलगी, असा तो सौदा होता. हुंड्याच्या चर्चेत हा उलटा व्यवहार आपण विसरतो.

गंमत अशी, की मुलीचे हे दुःख तेव्हा रंगभूमीवर पुरुषच गात असत. पुढे बालगंधर्वांनीही शारदेची भूमिका केली.

आता लग्न मोडते कसे, ते पाहा. कोदंड हा तरुण मांडवात येऊन वधूवर सगोत्र असल्याचे उघड करतो. तेवढ्याने विधी थांबतो. पुढे जीव द्यायला निघालेल्या शारदेला तोच वाचवतो आणि तिचे लग्न त्याच्याशी होते. शेवट गोड आहे. पण मुलगी ‘नको’ म्हणते, एवढ्यावर मात्र लग्न मोडत नाही. ते मोडायला गोत्र लागते.

१९२९ साली बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला. त्याला आपल्याकडे ‘शारदा कायदा’ म्हणत. त्यामुळे तो या नाटकावरून आला, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक ते नाव तो मांडणारे हरबिलास सारडा यांच्यावरून पडले. १ एप्रिल १९३० पासून तो अंमलात आला. मुलीचे वय निदान चौदा आणि मुलाचे अठरा असावे, असे त्यात होते. पण मुलगी चौदा वर्षांची भरली, की पंच्याहत्तरीच्या वरालाही त्या कायद्याची आडकाठी नव्हती! पुढे १९४६ च्या कायद्याने सगोत्र विवाहही वैध ठरले. म्हणजे शारदेला वाचवणारी ती एकुलती एक पळवाटही गेली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने मात्र जबरदस्तीने वा फसवून घेतलेल्या संमतीवर झालेले लग्न रद्द करवून घेण्याची वाट दिली. १९७८ पासून मुलीचे वय अठरा झाले.

आजीला मी एकदा विचारले, “नाटक एवढं आवडतं, मग तू हसत का नाहीस?” ती वाती वळत होती. म्हणाली, “अगं, सगळे गोत्र विचारतात, पत्रिका विचारतात, पैसे मोजतात. त्या पोरीला कोणी विचारतं का?”

भगिनींनो, आज आपल्या घरी स्थळे येतात ती पंच्याहत्तरीची नसतात. चांगली नोकरी, चांगला फ्लॅट, चांगले घराणे, सगळे जमलेले असते. अशा वेळी पोहे करायला घेण्याआधी मुलीजवळ दोन मिनिटे बसावे आणि आजीचा तो प्रश्न तिला विचारावा. ती ‘नको’ म्हणाली, तर गोत्र शोधत बसू नये.