गिऱ्हाईकाची किळस आणि आपला धंदा

उद्योजकता शिबिरांत आपल्या पोरांना एकच धडा मिळतो : भीती सोडा, आत्मविश्वास ठेवा, भावनेच्या आहारी जाऊन निर्णय घेऊ नका. म्हणजे भावना फक्त धंदा करणाऱ्याच्या मनात असतात आणि गिऱ्हाईक तेवढं हिशेबी! जातीच्या समाजात हे अर्धसत्य आहे.

बाबासाहेबांचंच पाहा. 1917 साली ते परदेशातून परतले. बडोद्याच्या नोकरीत अपमान सोसून मुंबईला आले आणि शेअर-गुंतवणुकीचा सल्ला देणारी पेढी काढली. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला माणूस. सल्ल्यात खोट नव्हती. सुरुवातीला गिऱ्हाईकंही आली. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच ती आटली आणि पेढी बंद पडली. नफ्याचा सल्ला सोडून देणारं ते गिऱ्हाईक कोणत्या हिशेबानं वागलं? व्यवहाराच्या निर्णयावर तिथे किळसच स्वार झाली होती.

आता कोल्हापूर. गंगाराम कांबळे सरकारी पागेत नोकरीला होते. हौदाला शिवले म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच, शिवाय गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला सांगून मदत केली. भर वस्तीत ‘सत्यसुधारक हॉटेल’ उभं राहिलं. जागा स्वच्छ, चहा चांगला, पण सवर्ण फिरकेनात. पाटीवर जात का लिहिली नाही, असं महाराजांनी विचारल्याची आठवण सांगतात. इतर दुकानदार तरी कुठे लिहितात, हे गंगारामांचं उत्तर. (आज आडनाव टाळून ‘साई’, ‘श्री’ अशा पाट्या लावणाऱ्यांनी हे उत्तर जरूर वाचावं. मी त्यांना दोष देत नाही, बाजार त्यांना ठाऊक आहे.)

महाराजांनी गिऱ्हाईकांना समतेचं व्याख्यान दिलं नाही. हॉटेलासमोर गाडी थांबवून ते स्वतः चहा प्यायले, सोबतच्या उच्चवर्णीय मंडळींनाही प्यायला लावला. छत्रपतींसमोर कप नाकारायची छाती कुणाची होती? किळस मनातून गेली असेल असं मला वाटत नाही. पण चारचौघांत तिला मुरड घालावी लागली आणि गल्ला सुरू झाला.

गंगारामांकडे जिद्द आधीपासून होती, भांडवलही मिळालं होतं. कमी पडत होतं ते उघडपणे येणारं गिऱ्हाईक. आपल्याकडे कुणी खानावळ किंवा चहाचं दुकान टाकलं की फीत कापायला गर्दी होते, फोटो निघतात. महाराजांची गाडी मात्र त्या हॉटेलासमोर पुन्हा पुन्हा थांबत होती.