नाईलकाठचे दुखणे आणि आपण



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत प्रत्येकीने काहीतरी लिहावे असा आपल्या अध्यक्षाबाईंचा आग्रह आहे. माझी शाळा सातवीत सुटली, त्यामुळे आधी एखादी पाककृती लिहून द्यावी असे मनात होते. परंतु गेल्या काही वर्षांत एका दुखण्याविषयी मिळेल ते वाचीत गेले. त्याचा इतिहास आपणा सर्वजणींच्या उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून हा लेखप्रपंच.

कावीळ आपल्या घरांना नवी नाही. डोळे पिवळे झाले की कोणी ती उतरवून घेतात, कोणी झाडपाल्याचे औषध आणतात, तेल-तूप बंद करतात. दूषित पाण्याने होणारी कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरी होते आणि यश उतरवणाऱ्याच्या पदरी पडते. पण यकृताला सूज आणणारे विषाणू एकाहून अधिक आहेत. त्यांतला एक हेपेटायटिस सी. हा पाण्यातून किंवा अन्नातून येत नाही. तो रक्तातून रक्तात जातो. यात डोळे पिवळे होतीलच असे नाही. बहुतेकांना वीस-तीस वर्षे काहीच कळत नाही, आणि कळते तेव्हा यकृत निबर होऊन जलोदर झालेला असतो, किंवा कर्करोग.

या दुखण्याने एकेकाळी सर्वांत जास्त गांजलेला देश म्हणजे इजिप्त, आपल्या जुन्या पुस्तकांतला मिसर. तो देश नाईल नदीवर जगतो. तिच्या कालव्यांत एक बारीक जंत असतो. तो आधी पाण्यातल्या गोगलगायीत वाढतो आणि मग पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतो. लघवीतून रक्त जाते, माणूस खंगतो. थिओडोर बिल्हार्झ नावाच्या जर्मन डॉक्टरने हा जंत 1851 साली कैरोत शोधला, म्हणून त्या रोगाला बिल्हार्झिया म्हणतात. शेतात राबणारे पुरुष, कालव्यावर धुणी-भांडी करणाऱ्या बाया, पोहणारी पोरे, कोणीच त्यातून सुटत नसे.

हा रोग घालवावा म्हणून तिथल्या सरकारने 1950 नंतर गावोगाव मोठी मोहीम चालवली. औषध शिरेतून द्यावे लागे, आणि एकेका माणसाला आठवड्यांमागून आठवडे दहाबारा तरी सुया घ्याव्या लागत. रांगेत शेकडो माणसे आणि काचेच्या सिरिंजा मोजक्याच. प्रत्येक वेळी त्या नीट उकळून घेणे होत नसे. एकाच्या रक्ताचा अंश दुसऱ्याच्या अंगात गेला. हेतू चांगला होता, आणि त्या काळी या विषाणूचे नावही कोणाला ठाऊक नव्हते. पुढे 1980 नंतर बिल्हार्झियावर तोंडाने घ्यायच्या गोळ्या आल्या आणि सुया बंद झाल्या. परंतु तोवर लाखोंच्या रक्तात दुसरे दुखणे मुक्कामाला आले होते.

त्याचा शोध लागायला वेळ लागला. अमेरिकेतील डॉ. हार्वे आल्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 साली दाखवले की, रक्त चढवलेल्या रोग्यांना होणारी पुष्कळशी कावीळ ए प्रकारची नाही आणि बी प्रकारचीही नाही. मग ती कशाची, हे 1989 साली मायकेल हॉटन व त्यांच्या सोबत्यांनी शोधून काढले, आणि रक्त तपासण्याची सोय झाली. या कामासाठी आल्टर, हॉटन आणि चार्ल्स राइस यांना 2020 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

इजिप्तने 2008 साली पाहणी केली तेव्हा पंधरा ते एकोणसाठ वयाच्या शंभर माणसांत सुमारे 15 जणांच्या रक्तात या रोगाची खूण सापडली. त्यावर रामबाण गोळ्या निघाल्या, तेव्हा अमेरिकेत बारा आठवड्यांच्या औषधाची किंमत 84,000 डॉलर होती. इजिप्तने घासाघीस करून 2014 साली तेच औषध 900 डॉलरला मिळवले, आणि पुढे देशातच बनवून ते आणखी स्वस्त केले. पण औषध हाती असूनही रोगी कोण ते ठाऊक नव्हते, कारण दुखत नसल्यामुळे दवाखान्यात कोणी येतच नव्हते! तेव्हा ऑक्टोबर 2018 ते एप्रिल 2019 या सात महिन्यांत सरकारने बोटातून थेंबभर रक्त घेऊन जवळजवळ 5 कोटी लोकांची तपासणी केली. सुमारे 22 लाखांच्या रक्तात खूण निघाली. त्यांना पुढच्या तपासणीला पाठवले आणि लागण असलेल्यांना फुकट औषध दिले. ऑक्टोबर 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कामगिरीबद्दल इजिप्तचा गौरव केला.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या लहानपणी गावच्या दवाखान्यात स्टोव्हवर उकळणाऱ्या काचेच्या सिरिंजा कोणी पाहिल्या नाहीत? आपल्या देशात रक्तपेढ्यांतून या विषाणूची तपासणी सक्तीची झाली ती 2001-02 च्या सुमारास. त्याआधी बाळंतपणात, शस्त्रक्रियेत ज्यांना रक्त चढवले त्यांचे रक्त या रोगासाठी तपासलेले असेलच असे नाही. माझ्या आतेसासूबाईंचे तसेच झाले. बाळंतपणात त्यांना दोन बाटल्या रक्त दिले होते. सत्तावीस वर्षांनी मोतीबिंदूच्या वेळी रक्त तपासले तेव्हा रोग कळला. कळल्याबरोबर बाईंनी आपले ताट-वाटी वेगळी मांडली, नातवाला मांडीवर घेईनात. “या वयात हा कसला कलंक?” म्हणून रडत. डॉक्टरांनी समजावले की, एका ताटात जेवल्याने, जवळ घेतल्याने किंवा खोकल्याने हे दुखणे लागत नाही. बारा आठवडे गोळ्या घेतल्या आणि त्या बऱ्या झाल्या.

म्हणून माझी विनंती आहे. ज्यांना पूर्वी रक्त चढवले आहे, ज्यांनी जत्रेत गोंदवून घेतले आहे, ज्यांचे नाक-कान जुन्या सुईने टोचले आहेत, ज्यांच्या घरी कोणाचे डायलिसिस चालू आहे, त्यांनी तपासणी करावी व करवावी. पहिल्या तपासणीत खूण निघाली तरी घाबरू नये. ती रोग आपोआप बरा झालेल्यांतही राहते. विषाणू अंगात आहे की नाही हे दुसऱ्या तपासणीत कळते. या रोगाची लस अजून निघालेली नाही, पण गोळ्यांनी शंभरातले पंचाण्णवहून अधिक रोगी बरे होतात. आपल्या सरकारनेही 28 जुलै 2018 पासून यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आहे. त्यात तपासणी आणि औषध दोन्ही विनामूल्य आहेत. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. आणि सुई नवी आहे ना, वेष्टन आपल्या डोळ्यांदेखत फोडले ना, हे विचारायला लाजू नये. ब्लेड आणि दात घासण्याचा ब्रश ज्याचा त्यानेच वापरावा.

आपण बायका दुखणे अंगावर काढतो. हे दुखणे तर दुखतही नाही, मग त्यासाठी वेळ काढायचा कोणी? येत्या 28 जुलैला जागतिक हेपेटायटिस दिन आहे. हळदीकुंकवाला जशा घोळक्याने निघतो, तशाच त्या दिवशी सगळ्याजणी मिळून रुग्णालयात जाऊ या. एकटीला संकोच वाटतो, दहाजणींत वाटत नाही.

मंडळाची अशीच भरभराट होवो आणि आपण सर्वजणी निरोगी राहोत, ही ईश्वरचरणी प्रार्थना.