हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी

जर्मनीतील पॅलॅटिनेट संस्थानात १५६३ साली प्रसिद्ध झालेला, प्रॉटेस्टंटांतील सुधारित (रिफॉर्म्ड) पंथाच्या धर्मशिक्षणाचा ग्रंथ. ख्रिस्ताचे मरण व पुनरुत्थान यांतून लाभणारे सांत्वन आणि तारणाची खात्री हे त्याचे मुख्य सूत्र आहे.

निर्मिती : पॅलॅटिनेटचा शासक तिसरा फ्रीड्रिख १५५९ मध्ये सत्तेवर आला, तेव्हा राजधानी हायडेलबर्गमध्ये प्रभुभोजनाच्या अर्थावरून पाळकांमध्ये कडाक्याचा वाद पेटला होता. शाळा व मंडळ्यांत एकच शिकवण असावी म्हणून त्याने हा ग्रंथ करवून घेतला. झाखारियास उर्झिनुस (१५३४–८३) हा त्याचा प्रमुख लेखक मानला जातो. कास्पार ओलेव्हियानुस याचाही निर्मितीत सहभाग होता. त्याच्या वाट्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

रचना : एकूण १२९ प्रश्न वर्षाच्या ५२ रविवारांत वाटलेले आहेत. मानवाची दुर्दशा, तारण आणि कृतज्ञता असे तीन भाग असून प्रेषितांचा मतांगीकार, दहा आज्ञा व प्रभूची प्रार्थना यांचे विवरण त्यांत येते.

खात्रीचा आधार : जगताना व मरताना तुझे सांत्वन कोणते, असे पहिलाच प्रश्न एकेकट्याला विचारतो. मी माझा नसून ख्रिस्ताचा आहे, हा उत्तराचा आशय. ख्रिस्ताने पापाचे देणे पूर्ण फेडले आहे. मग आपण अजून का मरतो, असे ४२ वा प्रश्न विचारतो. आपले मरण ही पापाची भरपाई नव्हे, तो पापाचा शेवट व सार्वकालिक जीवनात प्रवेश आहे, असे उत्तर मिळते. पुनरुत्थानाचे तीन लाभ ४५ व्या प्रश्नात सांगितले आहेत : ख्रिस्ताने मिळवलेल्या नीतिमत्त्वात वाटा, आताच नवे जीवन आणि आपल्या पुनरुत्थानाची हमी. प्रभुभोजनात मोडलेली भाकर डोळ्यांना दिसते, तितक्याच निश्चितपणे ख्रिस्ताचे शरीर माझ्यासाठी अर्पण झाले, असे ७५ व्या प्रश्नाचे उत्तर म्हणते.

वाद : कोणालाही आपल्यावरील कृपेची अचूक खात्री श्रद्धेने बाळगता येत नाही, असा निर्णय कॅथलिकांच्या ट्रेंट परिषदेने १५४७ मध्ये दिला होता. प्रश्नोत्तरीने खात्री हा खऱ्या विश्वासाचाच भाग मानला. सत्कृत्यांनी नव्हे तर कृपेनेच नीतिमत्त्व मिळते, या शिकवणीने माणसे बेफिकीर होतील, हा आक्षेप ६४ व्या प्रश्नात खोडून काढला आहे. मात्र सत्कृत्यांच्या रूपाने दिसणाऱ्या फळांवरूनही आपल्या विश्वासाची खात्री पटते, असे ८६ व्या प्रश्नात म्हटले आहे. त्यामुळे अस्वस्थ मनाने ख्रिस्ताकडे पाहावे की स्वतःच्या आचरणाकडे, ही चर्चा पुढील पिढ्यांत रंगली.

प्रसार : फ्रीड्रिखच्या मृत्यूनंतर (१५७६) त्याच्या मुलाने सुधारित पंथ सोडून राज्य पुन्हा ल्यूथरपंथी केले आणि उर्झिनुस व ओलेव्हियानुस या दोघांना हायडेलबर्ग सोडावे लागले. ग्रंथ मात्र नेदर्लंड्समध्ये रुजला. डोर्ट येथील धर्मसभेने (१६१८–१९) त्याला मान्यता दिली. डच मंडळ्यांत रविवारी दुपारच्या उपासनेत त्यावर प्रवचन करण्याची प्रथा पडली. पुढे डच वसाहती व स्थलांतरितांबरोबर तो दक्षिण आफ्रिका आणि उत्तर अमेरिकेत पोहोचला. तेथील अनेक सुधारित मंडळ्यांत तो आजही अधिकृत आहे.